हसवणाऱ्याच्या कामाला दाद कधी? लक्ष्मीकांत बेर्डे आणि ‘एक होता विदूषक’

मागची_रांग
काल रात्री ‘एक होता विदूषक’ पुन्हा पाहिला. झोप लागेना, म्हणून लिहितोय. १९९२ चा चित्रपट, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन पुलंचं. तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या होतो, सिनेमात नाव काढतो आणि शेवटी राजकारण्यांच्या हातातलं खेळणं होतो. हा आबुराव म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे.

राष्ट्रीय पुरस्कारांत हा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण ज्याच्या खांद्यावर अख्खा चित्रपट उभा आहे, तो रिकाम्या हाताने परतला.

माझं म्हणणं एका पुरस्कारापुरतं नाही. परीक्षणात चित्रपटाला तारे मिळतात, कथेला दोन परिच्छेद मिळतात आणि विनोदी नटाला ‘नेहमीप्रमाणे धमाल’ एवढे दोन शब्द. त्याने नेमकं काय केलं, हे कुणी लिहीतच नाही. हा अन्याय आहे, आणि तो मला मनापासून लागतो.

समीक्षा_वाचणारा
बेर्डे मलाही आवडतात, पण ‘अन्याय’ हा शब्द पटत नाही. त्या वर्षी अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार ‘तहादेर कथा’साठी मिथुन चक्रवर्तींना मिळाला. तुरुंगातून सुटलेला, मनाने मोडलेला स्वातंत्र्यसैनिक त्यांनी ज्या ताकदीने केलाय, ते एकदा पाहा. देशभरातून एकाची निवड करायची म्हटल्यावर बाकीचे राहणारच. त्याला हुकणं म्हणतात.

दुसरं, त्या काळातले कितीतरी मराठी विनोदी चित्रपट घाईघाईत उरकलेले होते. तीच वेषांतरं, तोच गैरसमज, तोच शेवटचा पाठलाग. समीक्षकांनी त्यांना कमी तारे दिले यात चूक काय? आणि विनोदाला मान मिळतच नाही असंही नाही. ‘गोलमाल’साठी अमोल पालेकरांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. गिरीश कुलकर्णींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘देऊळ’साठी, आणि त्यात हसायला भरपूर आहे.

मागची_रांग
मिथुनदांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाहीच. पालेकरांचं उदाहरणही मान्य. पण त्याच ‘गोलमाल’मध्ये उत्पल दत्त होते ना? त्यांना पुरस्कार मिळाला तो ‘विनोदी भूमिके’चा. फिल्मफेअरने हा विभाग १९६७ ते २००७ अशी चाळीस वर्षं चालवला. पंगतीत बसवलं, पण पान वेगळं मांडलं.

मल्याळममध्ये बघा. सलीम कुमार आणि सूरज वेंजारमूडू, दोघांनीही वर्षानुवर्षं लोकांना पोट धरून हसवलं. सलीम कुमारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ‘आदमिंटे मकन अबू’साठी, २०१० च्या पुरस्कारांत. सूरजना २०१३ च्या पुरस्कारांत, ‘पेररियातवर’मधल्या सफाई कामगारासाठी. दोन्ही भूमिका गंभीर, आणि दोन्ही पुरस्कार हक्काचे. पण आधीची सगळी वर्षं ही माणसं काय अभिनय करत नव्हती?

रीळ_बदलणारा
समीक्षकांना झोडताय ते ठीक, पण आपलंही थोडं बघूया. ‘विदूषक’ आमच्या तालुक्याच्या टॉकीजला लागला तेव्हा मी ऑपरेटरच्या हाताखाली होतो. पोस्टरवर लक्ष्या म्हटल्यावर पहिल्या खेळाला गर्दी झाली. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. भजीच्या गाड्यावर एकजण म्हणाला, ‘रडायला घरी काय कमी आहे?’ त्याचं तरी काय चुकलं? दिवसभर उसाच्या फडात राबून आलेला माणूस होता तो. पण मी वर केबिनमध्ये बसून तो चित्रपट आठवडाभर रोज पाहिला. न हसणाऱ्या पोरीला हसवायला आबुराव जी धडपड करतो, तिथे माझा हात रिळावर थांबायचा. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, त्यांनाच तो वेगळ्या रूपात नको होता. हे सांगताना आजही वाईट वाटतं.

नाट्यवेडी_सांगली
रीळदादा, तुमचं वाचून गलबलून आलं. पण मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. विनोदी काम चांगलं झालं हे ओळखायचं कसं, हे आपण शिकतच नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, चित्रपट १९८८ चा. त्यातला मधुमेहाच्या औषधाचा प्रसंग आठवा. अशोक सराफांचा धनंजय माने घरमालकाला सांगतो की औषध आणणारा मित्र वारला. सुधीर जोशींच्या घरमालकाला कळतं की त्याच्याबरोबर आपले सत्तर रुपयेही गेले. आता आवाज बंद करून हा प्रसंग पाहा. दोघांपैकी एकही हसत नाही. सराफ दुःखाचा चेहरा जराही ढळू देत नाहीत, आणि जोशींच्या चेहऱ्यावर हळहळ आणि हिशेब एकदमच चालू असतात. मी हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काम करतेय. अशी एक जागा पकडायला आमच्या पंधरा-पंधरा तालमी जातात, तरी प्रयोगात निसटते.

ऑनलाइन रेटिंगमध्ये यातलं काय येणार? दहापैकी आकडा पडतो तो पूर्ण चित्रपटाला. पटकथा ढिसाळ असेल तर नटाचं सोन्यासारखं कामही त्याच आकड्यात बुडतं. समीक्षा_वाचणारा, तुम्ही म्हणता ते घाईत उरकलेले चित्रपट मीही पाहिलेत. त्यातलेही कित्येक प्रसंग केवळ बेर्डेंमुळे तरलेत. चित्रपटाला दीड तारा द्या, माझी हरकत नाही. पण नटाबद्दल चार ओळी वेगळ्या लिहा.

समीक्षा_वाचणारा
चार ओळींचं म्हणणं मान्य, अगदी मनापासून. वर्तमानपत्रात जागा कमी असते, ही सबब आता चालणार नाही.

पण दोष सगळा परीक्षकांच्या माथी मारू नका. राष्ट्रीय पुरस्कारासाठी निर्मात्याला प्रवेशिका पाठवावी लागते. पाठवलीच नाही तर ज्युरी पाहणार काय? विनोदी चित्रपट काढणाऱ्या किती निर्मात्यांनी आपल्या नटासाठी ती तसदी घेतली असेल? शिवाय दाद येते, उशिरा का होईना. अशोक सराफांना २०२३ चा महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मागची_रांग
पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सराफ सत्याहत्तर वर्षांचे होते. आनंद झालाच, आमच्या घरी पेढे आणले होते. पण उशिरा येणाऱ्या दादेसाठी माणूस तेवढा जगावा लागतो. बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले, जेमतेम पन्नाशीत. प्रवेशिकेचा मुद्दा बरोबर आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. तरी ‘विदूषक’ तर ज्युरीसमोर होता ना!

समीक्षा_वाचणारा
होता. आणि मिथुनबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण खरं सांगतो, ‘विदूषक’ मी एकदाच पाहिलाय, तोही कॉलेजात असताना, लक्ष्याचा सिनेमा म्हणून. रविवारी पुन्हा बघतो, आणि नाट्यवेडी सांगतात तसा एक प्रसंग आवाज बंद करून. बघून झालं की इथेच लिहीन.

रीळ_बदलणारा
पोरीचा प्रसंग घ्या. तिथे आवाज बंद करून बघा.