अनुभव धागा: तुमचं 'साभार परत' मुलांना दाखवलंत का?

धाग्याची सुरुवात: सहकारनगरहून एक आई

माझी मुलगी नववीत आहे. गेलं वर्षभर ती मोबाईलवर एक दीर्घकथा लिहीत होती. भाग लिहून झाला की ऑनलाइन टाकायची. जूनमध्ये एका रात्री तिने सगळे सतरा भाग उडवले. का, म्हणून विचारलं तर तिने फोन माझ्यापुढे धरला. कोणीतरी एकच शब्द लिहिला होता, 'रटाळ'. गोष्ट तिने पुसली होती, पण त्या शब्दाचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवला होता.

मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "आई, तुला कोण असं बोललंय कधी? तुझं तर छापून येतं."

हे मला लागलं. माझ्या छापून आलेल्या चार कथांचे अंक बाहेरच्या खोलीत कपाटात आहेत, ते तिने लहानपणापासून पाहिलेत. परत आलेल्या अकरा कथा माळ्यावर, ट्रंकेत होत्या.

त्याच रात्री ट्रंक खाली काढली. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: १९९६-९७ च्या सुमाराला दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर फुलस्केपच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहायची आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. कथा नापसंत झाली की त्याच पाकिटातून घरी यायची. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात पोस्टमन शिरला की त्याच्या हातातलं माझं अक्षर मला जिन्यावरून ओळखू यायचं. आत काय आहे ते पाकीट फोडायच्या आधीच कळायचं. एक छापील चिठ्ठी, 'साभार परत', कथेचं नाव तेवढं शाईने भरलेलं. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला. तेव्हापासून मराठीत किती घरांत अशा चिठ्ठ्या आल्या असतील!

अकरांपैकी एका चिठ्ठीखाली संपादकांनी हाताने लिहिलं होतं, 'गोष्ट सातव्या पानावर संपली आहे. आठवं पान कशाला?' लेकीने ती दिव्याखाली धरून वाचली. "मग काढलंस ते पान?" नव्हतं काढलं. तेव्हा राग आला होता, आणि पुढे कथा उघडलीच नाही. त्या रात्री आम्ही दोघींनी ती वाचली, आठवं पान बाजूला ठेवून. संपादकांचं बरोबर होतं.

मला मनापासून वाटतं की मुलांना हल्ली दुसऱ्याचं फक्त जमलेलं दिसतं. फसलेलं एका बोटाने पुसता येतं. आमच्या वहीत खोडरबराने पडलेली भोकं तरी राहायची. आणि घरात आपण मोठी माणसंही तेच करतो, अंक कपाटात आणि चिठ्ठ्या माळ्यावर. तुम्ही तुमचं फसलेलं मुलांना दाखवलंय का? पुढे काय झालं? सविस्तर लिहा. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत.

वाकडहून एक बाबा

१९९८, बारावी, गणितात १०० पैकी २९. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये असायची. ऑक्टोबरची वारी करून सुटलो, पण वर्ष गेलं. आज सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नव्हतो.

मुलगा अकरावीत. चाचणीत फिजिक्सला नापास झाल्याचा मेसेज त्याने माझ्याच फोनवरून पुसला. मी गुणांपेक्षा लपवण्यावर जास्त चिडलो. रात्री झोप लागेना. मीही सत्तावीस वर्षं लपवतोच आहे की! सकाळी ती गुणपत्रिका जेवणाच्या टेबलावर ठेवली. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "आजोबा काय म्हणाले होते?" वडील काहीच म्हणाले नव्हते. अप्पा बळवंत चौकात जाऊन जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच घेऊन आले आणि माझ्या उशाशी ठेवला, एवढंच. संध्याकाळी मुलाने स्वतःहून पेपर आणून दाखवला. उत्तरं बरोबर, पण एककं लिहिलेली नाहीत, असे पाच गुण गेले होते.

धायरीहून एक आई

माझं उलटं झालं. मी माझं नाही, मुलाचं फसलेलं जगाला दाखवलं.

२०१९ चा आमच्या सोसायटीचा गणपती. तो आठ वर्षांचा. लोकमान्य टिळकांवर भाषण होतं. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत" इथपर्यंत आला आणि अडकला. तेच वाक्य तीनदा म्हणाला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी मोबाईल धरून शूटिंग करत होते. फोन खाली ठेवून पुढचं वाक्य सांगायला हवं होतं, ते सुचलं नाही. रात्री तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, कौतुकानेच. तिथून तो त्याच्या वर्गातल्या पालकांपर्यंत कसा पोचला ते मला आजही माहीत नाही. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने तोवर घातली होती. एका वर्गाला पाच पुष्कळ झाले. मुलं त्याला 'शेंगा' म्हणू लागली. चार वर्षं तो स्टेजवर चढला नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याबद्दल वाचताना मी थबकले. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर कंपन्यांनी पालकांची संमती घ्यायची. म्हणजे संमती माझी. त्याला विचारायचं कोणी?

गेल्या वर्षी त्याला समोर बसवून सांगितलं, "तुला न विचारता टाकला, माझं चुकलं." तो म्हणाला, "मग काढून टाक ना." माझ्या फोनमधून काढला. बाकीच्यांच्या फोनमधला कसा काढणार, हे त्यालाही कळतं. आता फोटो टाकायच्या आधी विचारते. दहातल्या आठ वेळा तो नाही म्हणतो, आणि मी ते पाळते.

कर्वेनगरहून एक आजी

आमच्याकडे शिकवणारा मुलगा आणि शिकणारी मी. संपूर्ण लेख जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केला, मैत्रिणींना मेल केला, आणि त्यांना दिसल्या नुसत्या वेड्यावाकड्या खुणा. दीड महिन्याचं काम! रडूच आलं. मुलाने शेजारी बसून समजावलं: जुना फॉन्ट नुसता अक्षराचा आकार काढतो, त्यामुळे तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर सगळं बिघडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा ०९१५, तो जगात कुठेही 'क'च राहतो. मग मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकवला. के वर 'क', जे वर 'र', डी वर पाय मोडायची खूण. 'स्वातंत्र्य' लिहायला मला सुरुवातीला पाच मिनिटं लागायची. तो एकदाही "किती वेळा सांगू?" म्हणाला नाही. त्याच्या लहानपणी पाढे घेताना मी ते रोज म्हणायचे. हेही त्याला सांगितलं.

बिबवेवाडीहून एक बाबा

थोडक्यात लिहितो. मुलाने मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचा लेख लिहिला, पण जत्रेच्या स्मरणिकेतून जसाच्या तसा उतरवून. प्रताधिकाराच्या कारणाने मजकूर काढला गेला. दोन दिवस जेवला नाही नीट. मग स्वतःच्या शब्दांत, संदर्भ देऊन पुन्हा लिहिला. तिथे प्रत्येक लेखाला 'इतिहास पहा' असतं, कुणी कधी काय बदललं ते दिसतं. ते पान तो आता धाकट्या बहिणीला दाखवतो.

औंधहून एक आई

एक वेगळं मत. घरात दाखवा, पण बाहेर सगळ्यांना दाखवायची घाई नको. माझ्या लेकीने नापास झाल्याचं मोकळेपणाने ऑनलाइन लिहिलं आणि अनोळखी लोक तिच्यावर तुटून पडले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने ते एकटीने झेलायचं नसतं.

पुन्हा सहकारनगरहून

औंधच्या ताई, पटलं. लेक सध्या शंभर पानी वहीत लिहिते आहे, पेनने. चुकलं की एकच रेघ मारते, खालचा शब्द वाचता येतो. ऑनलाइन टाकणार का, ते मी विचारलेलं नाही. ट्रंक परत माळ्यावर ठेवू दिली नाही तिने. त्या स्क्रीनशॉटचा प्रिंट काढून आणला आणि माझ्या अकरा चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात बारावा म्हणून ठेवला.