प्रबंध, प्रबंधिका की शोधनिबंध?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात 'अभिनंदन' नावाचं एक पान असतं, ते यंदा माझ्या गळ्यात पडलंय. दोन बातम्या आल्यात. एका मुलीला तिच्या अमेरिकन विद्यापीठाचं 'आउटस्टँडिंग डिझर्टेशन अवॉर्ड' मिळालंय, पीएच.डी.च्या कामाला. एका मुलाला 'आउटस्टँडिंग थीसिस अवॉर्ड', एम.एस.च्या कामाला. दोन्ही घरांतून आलेल्या मजकुरात मात्र सरसकट 'उत्कृष्ट शोधनिबंध पुरस्कार' लिहिलंय. मला ते खटकतं. शोधनिबंध म्हणजे नियतकालिकात छापून येतात ती दहा-पंधरा पानं ना? पाच वर्षं खपून लिहिलेल्या बाडाला तोच शब्द कसा लावायचा? शिवाय दोन्हीकडे एकच नाव छापलं तर दोघं एकाच स्पर्धेत पहिले आले असं वाटेल. काय लिहू?

मुद्रितशोधक, पुणे
शोधनिबंध काढाच. पीएच.डी.चा तो प्रबंध आणि त्याखालच्या पदवीची ती प्रबंधिका. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत हे दोन्ही शब्द छापलेले मी शेकड्यांनी पाहिलेत (आणि एकदा 'शोधप्रंबध'सुद्धा, पाचही प्रतींवर).

तुमच्या घोटाळ्याचं मूळ इंग्रजीत आहे. अमेरिकेत एम.एस.ला थीसिस आणि पीएच.डी.ला डिझर्टेशन. इंग्लंडात नेमकं उलट, आणि आपली विद्यापीठं बहुतेक इंग्लंडच्याच वळणावर गेली. म्हणून इंग्रजी शब्द बघून मराठी शब्द ठरवू नका, पदवी बघून ठरवा. बाबासाहेबांचंच बघा. कोलंबिया विद्यापीठाने 1927 मध्ये ज्यावर पीएच.डी. दिली ते तिथल्या बोलीत डिझर्टेशन. लंडन विद्यापीठाने 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या ज्या लेखनाला डी.एस्सी. दिली तो थीसिस. मराठीत आपण दोन्हींना प्रबंधच म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही.

धागाकर्ती
प्रबंध पटला. प्रबंधिका मी आजवर ऐकलेलीच नाही.

मुद्रितशोधक, पुणे
नाटक-नाटिका, पुस्तक-पुस्तिका, तसं प्रबंध-प्रबंधिका. एम.फिल.वाल्यांच्या तोंडी हा शब्द असायचा. आता अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल.च बंद झाली, तेव्हा शब्द रिकामाच बसलाय. द्या त्याला एम.एस.कडे काम.

इंदूरकर
अहो, थांबा! आमच्याकडे प्रबंधिका म्हणजे मॅनेजरीणबाई. हिंदीत प्रबंध म्हणजे व्यवस्था, लग्नात जेवणाचा 'प्रबंध' असतो. बँकेत काचेच्या दारावर 'शाखा प्रबंधक' लिहिलेलं असतं. माझी आजी पुण्याहून लग्न होऊन इथे आली. पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा ती पाटी वाचून आजोबांना हळूच म्हणाली, "विद्वान दिसतायत, प्रबंध लिहितात." हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी होतो. तुमच्या अंकात 'एम.एस. प्रबंधिका पुरस्कार' वाचून आमच्यासारख्यांना वाटेल, पोराला कुठल्या ऑफिसातल्या बाईंनी बक्षीस दिलं. 'लघुप्रबंध' लिहा, सरळ.

मुद्रितशोधक, पुणे
हिंदीला कशाला हसायचं? आपल्याकडे 'दुय्यम निबंधक' कुठे निबंध लिहितात? ते खरेदीखतं नोंदवतात. आणि विद्यापीठातल्या रजिस्ट्रारला निबंधक न म्हणता कुलसचिव म्हणायचं, हेही आपणच ठरवलं.

मराठीची शिक्षिका, ठाणे
मुळात 'बंध' म्हणजे बांधणं. निबंध, प्रबंध, दोन्ही बांधलेलेच. कुणी कुठली मोळी केवढी बांधायची ते प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं. बंगालीत साध्या निबंधाला प्रबंध म्हणतात. गुजरातीत पीएच.डी.च्या प्रबंधाला महानिबंध म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो. ऐकूनच वजन कळतं. जुन्या संगीतात प्रबंध हा गायनाचा प्रकार होता. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात 'ओवीयेचेनि प्रबंधें' अक्षरं गुंफल्याचं म्हटलंय. तिथे संशोधन, पदवी, मार्गदर्शक यातलं काही नाही, नुसती रचना आहे. त्यामुळे 'शोधप्रबंध' असा पूर्ण शब्द वापरणारे अगदीच चुकत नाहीत, पण पीएच.डी.च्या बातमीत 'शोध' लावायची गरज नाही.

माझा खरा आक्षेप 'पुरस्कार'वर आहे. पुरस्कार करणे म्हणजे एखादी गोष्ट पुढे करणे, तिची बाजू घेणे. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करतात, पक्षपुरस्कृत उमेदवार असतो. विद्यार्थ्याचं काम वाचून, तपासून समाधान झालं म्हणून जे देतात ते पारितोषिक. शब्दातच परितोष आहे.

धागाकर्ती
बाई, पारितोषिक म्हटलं की मला शाळेचं स्नेहसंमेलन, स्टीलचा डबा आणि पाहुण्यांचं लांबलेलं भाषण आठवतं. पुरस्कार आता साहित्यातही आहे, सिनेमातही आहे. तो बदलायला मी कोण?

मराठीची शिक्षिका, ठाणे
स्टीलच्या डब्याला नावं ठेवू नका, माझ्याकडे अजून दोन आहेत. पण ठीक, पुरस्कार रुळलाय, मान्य.

संगणकवाला, सॅन होजे
एक उपप्रश्न. संगणकशास्त्रात एसीएम या संघटनेचं पीएच.डी.च्या प्रबंधासाठीचं अवॉर्ड असतं. ते विद्यापीठाचं नाही, पण त्याच जातीचं. त्यात विजेत्याला 20,000 डॉलर आणि 'ऑनरेबल मेन्शन'ला 10,000. या दुसऱ्याला मराठीत काय म्हणायचं? 'सन्माननीय उल्लेख' वाचून मला तरी कुणीतरी भाषणात नाव घेतल्यासारखं वाटतं.

मुद्रितशोधक, पुणे
उत्तेजनार्थ! एकांकिका स्पर्धेपासून रांगोळीपर्यंत सगळीकडे चालतो.

संगणकवाला, सॅन होजे
दहा हजार डॉलर उत्तेजनार्थ? मला चालेल.

मराठीची शिक्षिका, ठाणे
चालू नये. उत्तेजनार्थ म्हणजे 'पुढच्या वेळी बघू' असं पाठ थोपटणं. पीएच.डी.चा प्रबंध माणूस बहुधा एकदाच लिहितो, पुढची वेळ कुठली? 'विशेष उल्लेखनीय' लिहावं.

धागाकर्ती
आणि 'आउटस्टँडिंग'? उत्कृष्ट, सर्वोत्कृष्ट की उल्लेखनीय?

इंदूरकर
तीस वर्षं बँकेत काढली. माझ्यासाठी आउटस्टँडिंग म्हणजे थकबाकी. थकित प्रबंध तर घरोघरी सापडतील, माझ्या मेहुण्याचा 1998 पासूनचा आहे.

मुद्रितशोधक, पुणे
'सर्वोत्कृष्ट' टाळा. विद्यापीठ पुष्कळदा एकाच वर्षी दोन-तीन विद्याशाखांना अशी अवॉर्डं देतं, मग सर्वांत उत्कृष्ट तिघं कसे होणार? 'उल्लेखनीय' आता वर दुसऱ्या क्रमांकाला देऊन झालाय. उरला उत्कृष्ट. आणि 'उत्कृष्ट प्रबंध पुरस्कार' लिहा, 'उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार' नको. पहिलं नाव वाटतं, दुसरं वर्णन.

धागाकर्ती
मजकूर आज पाठवला. मुलीचं असं छापतोय: 'पीएच.डी.च्या प्रबंधाला विद्यापीठाचा उत्कृष्ट प्रबंध पुरस्कार.' मुलाचं: 'एम.एस.च्या प्रबंधिकेला उत्कृष्ट प्रबंधिका पुरस्कार.' मुलाच्या वडिलांचा लगेच फोन आला, "प्रबंधिका म्हणजे कमी का?" पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाले, कंसात थीसिस टाका. टाकलं.

इंदूरकर
अंक आला की माझ्या प्रतीत मी पेनाने 'लघुप्रबंध' करून घेईन.