शब्दचर्चा: ‘लाइटली पीटेड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
बेनरोमाख या स्कॉच सिंगल माल्टवर (10 वर्षांची, 43 टक्के) मराठीत टिपण लिहितो आहे. तिचं वर्णन सगळीकडे ‘लाइटली पीटेड’ असं होतं, म्हणजे पीट जाळून त्याचा थोडासा धूर दिलेली. मी ‘हलकी धुरकट व्हिस्की’ लिहिलं, पण वाचताना माल खराब निघाल्यासारखं वाटतंय. ‘पीट’ला मराठी शब्द आहे का? आणि ‘लाइटली’ला ‘हलकी’ म्हणावं की ‘सौम्य’?

प्रतिसाद:
पीट तसाच ठेवा. भूगोलात कोळशाचे प्रकार शिकताना पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट ही नावं बहुतेकांनी पाठ केलेली आहेत. ‘दलदलीतला कोळसा’ वगैरे नको. दलदलीत अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत, झुडपं यांचा तो थर असतो, कोळसा व्हायला त्याला अजून फार अवकाश असतो. ‘पीटेड’साठी मात्र ‘धुंगारलेली’ का नको? पाककृतींमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे.

प्रतिसाद:
‘धुरकट’ खटकतंय त्याचं कारण सरळ आहे. न मागता लागलेल्या धुरासाठी आपण तो शब्द वापरतो. चुलीवरचं दूध धुरकटलं की कुणी तोंड लावत नाही. ‘करपट’ तर त्याहून वाईट, त्यात काहीतरी जळल्याचा आरोपच आहे. पीटचा धूर मुद्दाम आणि मोजून दिलेला असतो, म्हणजे शब्दही दिलेल्या धुराचा हवा.

‘धुंगार’ त्या अर्थी बरोबर बसतो, पण त्याच्यासोबत निखाऱ्यावर सोडलेल्या तुपाचा वास येतो. मराठी वाचकाला तो आधी आठवणार आणि पेल्यात तो नसतो. माझं मत ‘धुरी’ला. ओव्याची धुरी, कडुनिंबाची धुरी, ऊदाची धुरी: काय जाळलं ते हा शब्द आपोआप सांगायला लावतो. ‘पीटची धुरी’ म्हटलं की काम झालं. इथे काय जाळलं याला खरंच महत्त्व आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर झाडं जवळपास नाहीत, तिथल्या हॉबिस्टर माळावरचा पीट हेदरच्या झुडपांचा. त्यामुळे तिथल्या हायलँड पार्क व्हिस्कीचा धूर फुलांच्या, मधाच्या अंगाने जातो. आयला या स्कॉटिश बेटावरच्या लाफ्रॉइग व्हिस्कीच्या धुराला लोक दवाखान्याचा वास म्हणतात. दोन्हींना नुसतं ‘धुरकट’ म्हटलं तर हा सगळा फरक पुसला जातो.

‘भट्टीचा धूर’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही काढा. भट्टी म्हटलं की आपल्याला दारू गाळायचीच भट्टी दिसते. हा धूर त्याच्या खूप आधीचा. बार्ली भिजवून मोड आणतात (हाच माल्ट), ती ओलसर असतानाच जाळीदार फरशीवर पसरतात आणि खाली पीट जाळतात. ओल्या दाण्याला धूर धरतो, वाळत आला की धरत नाही, म्हणून पीट सुरुवातीलाच. पुढे गाळताना उलट बराच धूर निघून जातो. त्यातले जड घटक धारेच्या शेवटाकडे येतात, त्यामुळे धार कुठे तोडायची यावर शेवटी किती धूर उरणार हे ठरतं.

आता ‘हलकी’. हा शब्द अजिबात नको. मराठीत हलकी दारू म्हणजे कमी दर्जाची. ‘सौम्य’ म्हटलं तर वाचक अल्कोहोल कमी समजेल, आणि इथे तर 43 टक्के आहे. विशेषण व्हिस्कीला न लावता धुराला लावा. वासासाठी ‘मंद’ आपल्या तोंडात बसलेलाच आहे. ‘पीटची मंद धुरी दिलेली सिंगल माल्ट’. लांब आहे, पण एकही शब्द दिशाभूल करत नाही.

प्रश्नकर्ता:
पटलं. मंद म्हणजे किती, हे आकड्यात लिहिता येतं का?

प्रतिसाद:
येतं. धुरातल्या फिनॉल गटातल्या रसायनांचं प्रमाण दहा लाख भागांत किती, असं ते मोजतात. बेनरोमाखच्या माल्टसाठी साधारण 12, आणि इतर स्कॉचपैकी स्प्रिंगबँकसाठी 12 ते 15, बोमोरसाठी 25च्या आसपास, आर्डबेगसाठी 55 सांगतात. हे माप दाण्याचं असतं, पेल्यातल्या व्हिस्कीचं नव्हे, एवढं टिपणात जरूर लिहा. पुष्कळ जण तिथेच गोंधळ करतात.

बेनरोमाखच्या बाबतीत आणखी एक ओळ घालता येईल. ती जिथे बनते त्या स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागात माल्ट सुकवायला पूर्वी पीट सर्रास जाळत, नंतर तो मागे पडला. 1998मध्ये ही डिस्टिलरी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी ती जुनी मंद धुरी मुद्दाम परत आणली.

प्रश्नकर्ता:
चवीबद्दलही विचारतो. नाक लावलं तर आधी सफरचंद, मनुका, भाजलेल्या धान्याचा वास. धूर जवळजवळ नाहीच. चमचाभर पाणी घातलं आणि धूर एकदम वर आला. ‘पाण्याने व्हिस्की उघडली’ असं लिहिलं आहे, ते चालेल?

प्रतिसाद:
‘उघडली’ इंग्रजीतून उचललेलं वाटतं. ‘पाणी घातल्यावर धूर वर आला’ हे तुम्ही आत्ता सहज लिहिलंत, तेच ठेवा. ते शास्त्राच्याही जवळ आहे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017मध्ये संगणकावर पडताळून दाखवलं की ग्वायाकोल हा धुरकट वासाचा रेणू व्हिस्की पातळ केल्यावर पृष्ठभागाकडे जास्त राहतो.

घोट गिळल्यानंतर जे उरतं त्याला ‘पश्चात्स्वाद’ नको, ‘मागची चव’ म्हणा. पीटवाल्या माल्टमध्ये ती बहुधा तुरट-कडसर असते. गोडी आधी ओसरते आणि धूर मागे राहतो.

प्रतिसाद:
‘पीटची मंद धुरी’ गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉन ‘एडिटेड’ या सिंगल माल्टलाही चालेल. ती स्कॉच नाही, बार्ली भारतातली, पण पीट स्कॉटलंडहून आणलेला. आणि बार्लीला ‘सातू’ लिहू नका, अर्ध्या वाचकांना सातूचं पीठ आठवेल. ‘जव’ किंवा सरळ ‘बार्ली’.