रखवालदार दाराशी हवा की माजघरात? लिनक्सवरचे मल्टीप्लेअर गेम

घोडबंदरकर

आम्ही चौघे कॉलेजपासूनचे. मी मानपाड्याला, एक ऐरोलीत, एक कोपरखैरण्यात, एक सीवूड्सला. नकाशावर सगळे शेजारी, पण एकाची सुट्टी दुसऱ्याला नसते आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे आमचा कट्टा म्हणजे शनिवारी रात्री साडेदहाचा गेम. व्हाल्हाइम, प्रोजेक्ट झोम्बॉइड, डोन्ट स्टार्व्ह टुगेदर. लाकडं तोडायची, चूल पेटवायची, रात्री काहीतरी येऊन आपल्याला खातं, सकाळी पुन्हा उभं राहायचं.

माझा कॉम्प्युटर २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, जीटीएक्स १०६० कार्ड. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट यंत्र भंगारवाल्याला द्यायचं मन होईना, म्हणून विंडोज काढून लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. वरचे तिन्ही गेम लिनक्सवर थेट चालतात, मधे कुठली कसरत नाही. महिनाभर ग्रुपमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही.

मग ग्रुपने रस्ट हा दुसरा मल्टीप्लेअर गेम काढला. गेम माझ्याकडे सुरू होतो, पण अधिकृत सर्व्हर आत घेत नाही. त्यांचं ईझी अँटीचीट, म्हणजे चीटर पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवाल्यासाठी कंपनीने चालूच केलेलं नाही. मी म्हटलं, मी येणार नाही, दुसरा गेम काढा. त्यावर सीवूड्सवाला म्हणाला, "तुझ्या एकट्याच्या हट्टापायी तिघांनी का थांबायचं?"

माझं म्हणणं एवढंच आहे. सोसायटीचा रखवालदार गेटवर नाव विचारतो, गाडीचा नंबर लिहितो, माझी हरकत नाही. पण "चोर येतात, म्हणून मी तुमच्या माजघरात झोपणार आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे ठेवणार" असं म्हणाला तर? कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शिरणारं अँटीचीट म्हणजे हेच. व्हॅलोरंट गेमचं अँटीचीट व्हॅनगार्ड तर कॉम्प्युटर चालू झाल्यापासून जागं असतं, तुम्ही गेम खेळा नाहीतर लाइटबिल भरा.

एखाद्या गेमसाठी एवढं करावं का? आणि ज्याला नाही करायचं, तो हट्टी का?

सीवूड्स_४२

तो सीवूड्सवाला मीच. बरं केलंस, सगळ्यांसमोर धुणं काढलंस.

आता माझी बाजू. रस्टमध्ये महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाइप होतो, म्हणजे सगळा नकाशा पुसून सगळे शून्यावर. त्यानंतरचे दोन-तीन दिवस आम्ही झोप मोडून तळ बांधतो. दगडाच्या भिंती, लोखंडी दारं, पेट्या भरून गंधक. आणि एक पोरगा भिंतीपलीकडचं दिसणारं सॉफ्टवेअर घेऊन येतो, नेमकी कोणती भिंत फोडायची ते त्याला आधीच माहीत, आणि चौदा तासांची मेहनत वीस मिनिटांत साफ. हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय. तुझ्या व्हाल्हाइममध्ये फार तर ट्रोल येऊन झोपडी पाडतो. ट्रोल चीटिंग करत नाही रे.

रस्टचा लिनक्ससाठीचा क्लायंट पूर्वी होता, २०१९ मध्ये बंद केला. लिनक्सच्या वाटेने चीटर शिरतात, हे कंपनीचं उघड म्हणणं आहे. लिनक्सवर ईझी अँटीचीट साध्या प्रोग्रॅमसारखं वर बसतं, कर्नलमध्ये जात नाही. आणि तिथे कर्नल मालकाच्या हातात. त्याने हवा तसा बदलून बांधला की वरच्या प्रोग्रॅमला तो काहीही खोटं सांगू शकतो. तुमचं स्वातंत्र्य आहे ना, तेच स्वातंत्र्य त्या पोरालाही मिळतं. आणि किंमत मी मोजतो.

तुझ्या सोसायटीत पार्किंगमधून दोन सायकली गेल्या तेव्हा सीसीटीव्ही हवा म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडला होता?

घोडबंदरकर

सीसीटीव्ही पार्किंगमध्ये लावला. माझ्या बेडरूममध्ये नाही.

पारसिकचा_पहारा

दोघंही थोडं बरोबर, थोडं अर्धवट.

"विंडोजच्या गेममधलं अँटीचीट लिनक्सवर चालत नाही" हे २०२१ पर्यंत बहुतांशी खरं होतं. त्या सप्टेंबरात ईझी अँटीचीट आणि त्याच्यासारखंच बॅटलआय, दोघांनीही प्रोटॉनसाठी (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) दार उघडलं. फक्त कडी गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवली. डेझ हा पक्का सर्व्हायव्हल गेम, अनोळखी माणसं एकमेकांना लुटतात, बॅटलआय आहे, आणि लिनक्सवरून खेळता येतो. आर्क रेडर्स २०२५ चा, ईझी अँटीचीटसकट चालतो. म्हणजे रस्ट न चालणं हा लिनक्सचा दोष नाही, त्या कंपनीचा निर्णय आहे.

पण निर्णय उलटाही फिरतो, हे लिनक्सवाले सांगत नाहीत. एपेक्स लेजेंड्स चांगला चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ ला दार बंद. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं, रॉकस्टारने लिनक्ससाठी ते चालू केलं नाही, संपलं. एकट्याने खेळायची कथा अजून चालते, मित्र मात्र गेले. पैसे भरून गेम घ्यायचा आणि कुठल्यातरी मंगळवारच्या अपडेटने घराबाहेर व्हायचं, ही टांगती तलवार आहेच.

आणि सीवूड्सभाऊ, पट्टीच्या चीटरला विंडोजचा कर्नलही आडवा येत नाही. ते डीएमए कार्ड लावतात, म्हणजे शेजारी दुसरा कॉम्प्युटर ठेवून पहिल्याची मेमरी हार्डवेअरमधूनच वाचतात. माजघरात झोपलेल्या रखवालदाराला छपरावरचा माणूस कसा दिसणार? उलट कर्नलमधल्या ड्रायव्हरचा धोका कागदावरचा नाही. गेन्शिन इम्पॅक्टचा अँटीचीट ड्रायव्हर २०२२ मध्ये खंडणीखोरांनी अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला. ज्यांच्याकडे तो गेम नव्हता, त्यांच्यावरही.

सीवूड्स_४२

सगळे चोर पकडले जात नाहीत म्हणून कुलूपच लावायचं नाही? काउंटर-स्ट्राइक २ बघ. लिनक्सवर थेट चालतो, मुंबईत सर्व्हर, पिंग मस्त, त्याचं अँटीचीट व्हॅक कर्नलमध्ये शिरत नाही. आणि वरच्या रँकमध्ये शिव्या कशावरून चालू असतात? जे गंभीरपणे खेळतात ते फेसिट या सामन्यांच्या वेगळ्या सेवेवर जातात, आणि फेसिटचं अँटीचीट फक्त विंडोजवर. खेळणाऱ्यांनी स्वतःच्या पायाने मत दिलंय.

कोपरखैरणे_सेक्टर

मी चौकडीतला तिसरा. मला कर्नलबिर्नल कळत नाही. घोडबंदरकरचं ऐकून मीही फेडोरा (लिनक्सचाच दुसरा प्रकार) टाकलं, तर अनुभव सांगतो, म्हणजे हवेतल्या गप्पा थोड्या जमिनीवर येतील.

एक, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. मिंटमध्ये दोन क्लिकमध्ये होतो म्हणे, मला एक अख्खा रविवार लागला. एएमडीवाल्यांना हा जाचच नाही, त्यांचा ड्रायव्हर लिनक्सबरोबर आपोआप येतो.

दोन, जुन्या डी ड्राइव्हवर स्टीमची (गेमचं ऑनलाइन दुकान) लायब्ररी तशीच ठेवली, प्रोटॉनचे गेम उघडायचे आणि लगेच मिटायचे. कारण तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा. लिनक्सच्या पद्धतीचा, म्हणजे एक्स्ट४, करून गेम पुन्हा उतरवले, चालले. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर १८० जीबी वाचले असते.

तीन, आणि हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही: झोम्बॉइडचे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोडण्या. विंडोजला 'टी' मोठी की छोटी याने फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. मॉडवाल्याने फोल्डरचं नाव एका जागी मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्या जागी छोट्याने लिहिलं, की बाकी तिघांना गाडी दिसते आणि मी हवेत बसून चाललोय. अक्षरशः. स्क्रीनशॉट आहे.

तरी परत विंडोजवर गेलो नाही. का ते विचारू नका, बायकोही विचारते.

तलावपाळी_ताई

मधे बोलू का? माझा मुलगा सातवीत आहे, ऑफिसमधला जुना लॅपटॉप मिळालाय, त्यावर दिराने लिनक्स टाकून दिलंय. तुम्ही ज्याला तोटा म्हणताय तो मला फायदा वाटतो. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही. अभ्यासाच्या वेळी भांडण नाही. माइनक्राफ्ट तेवढं चालतं, पण त्याचे मित्र टॅबवर खेळतात आणि हा त्यांच्यात जाऊ शकत नाही म्हणून रडतो. हे पण त्या रखवालदाराचंच काम का?

पारसिकचा_पहारा

नाही ताई, इथे रखवालदार निर्दोष आहे. माइनक्राफ्टच दोन आहेत. तुमच्याकडे जावा, लिनक्सवर व्यवस्थित चालणारं. टॅबवर बेडरॉक, ते अधिकृतपणे लिनक्सवर नाही. दोघांची भाषा वेगळी. स्वतःचा जावा सर्व्हर चालवून त्यावर गायझर नावाचं प्लगइन टाकलं की ते दुभाष्याचं काम करतं. सोबत फ्लडगेट टाका, म्हणजे टॅबवाल्या मुलांना जावाचं खातं वेगळं विकत घ्यावं लागत नाही. दिराला एक चहा पाजा, तासाभराचं काम आहे.

घोडबंदरकर

सीवूड्स, तुझं एक मानतो. लिनक्स बंद करण्यामागे कंपनीचा आळस आहे असं मी ग्रुपवर म्हणालो होतो, ते चूक. स्टीमच्या पाहणीत लिनक्स ३ टक्क्यांच्या वर पहिल्यांदा गेलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. एवढ्या लोकांसाठी वेगळी पहारेदारी ठेवायची, तीही कमजोर, हे धंद्याला परवडणारं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं.

पण मग मला हट्टी म्हणू नकोस. त्यांनी त्यांच्या घराचा नियम ठरवला, मी माझ्या. मला फक्त "लिनक्स खेळायला निरुपयोगी" हे वाक्य ऐकवत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून चाललंय. एका जर्मन पोराला निअर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता म्हणून त्याने विंडोजचं ग्राफिक्स लिनक्सला समजावणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. स्टीमवाल्या वाल्व्ह कंपनीने ते सगळं बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन दिलं, आणि आज विंडोजसाठी लिहिलेला बहुतेक गेम मी प्लेचं बटण दाबून खेळतो. कुणीतरी पंचवीस वर्षं खडी फोडली तेव्हा हा रस्ता झालाय. टोलनाक्यावर अडवतात म्हणून रस्ताच नाही असं कसं म्हणता?

सीवूड्स_४२

रस्ता आहे, पण मी जिथे जातोय तिथे जात नाही. मला एवढंच म्हणायचंय. एकट्याने खेळायचं असतं तर तू कशावरही खेळ. मल्टीप्लेअरमध्ये कॉम्प्युटर तुझा असला तरी निवड तुझ्या एकट्याची नसते.

आणि साधा उपाय आहे की. ड्युअल बूट, एका मशीनवर दोन्ही सिस्टिम. एका कोपऱ्यात विंडोज १० ठेव, फक्त रस्टपुरता.

घोडबंदरकर

ज्या विंडोजला सुरक्षेचे पॅच येणं बंद झालंय, त्यात कर्नलपर्यंत जाणारा पाहुणा घ्यायचा? दार मोडकं, आणि त्यात रखवालदार झोपवायचा.

पारसिकचा_पहारा

तपशिलात दुरुस्ती: घरगुती वापरासाठी वाढीव पॅच ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते. मोडकं दार सध्या दोरीने बांधलेलं आहे म्हणा.

बाकी ड्युअल बूटमध्ये माझं असं झालं की गेमसाठी विंडोज उघडायचो आणि मग तिथेच राहायचो. सहा महिन्यांनी लिनक्सचं पार्टिशन बघितलं तर नुसती धूळ.

ऐरोली_नाइटशिफ्ट

चौथा मी. तुम्ही तिघांनी इथे तीन दिवस भांडलात, ग्रुपवर एक ओळ नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. व्हाल्हाइमचं जग घोडबंदरकरच्या मशीनवर आहे. तो ऑनलाइन तर आम्ही ऑनलाइन. मी रात्रपाळीहून सकाळी सातला येतो, मला तेव्हा खेळायचंय, आणि साहेब झोपलेले. सीवूड्सला रस्ट आवडतो त्याचं अर्धं कारण हे आहे, तिथे सर्व्हर कायम चालू. तो कबूल करणार नाही.

सीवूड्स_४२

अर्धं नाही, पाव.

घोडबंदरकर

हे मला कुणी आधी का नाही बोललं? बाबांचा जुना लॅपटॉप पडलाय. व्हाल्हाइमचा स्वतंत्र सर्व्हर लिनक्सवर चालतो, स्क्रीनही लागत नाही, दहा जण मावतात. लॅपटॉप वीस वॉट खातो असं धरलं तर दिवसाला अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. पावसाळ्यात लाइट गेली तर बॅटरी आहेच. राउटरपुरता छोटा यूपीएस बघावा लागेल.

अडचण एकच. आमचा नेटवाला स्वतंत्र आयपी देत नाही, अख्ख्या बिल्डिंगला एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे २४५६ पोर्ट बाहेरून उघडता येणार नाही. टेलस्केल टाकतो चौघांच्या मशीनवर, म्हणजे सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे. सीवूड्स, तुझ्या विंडोजवरही चालतं, घाबरू नकोस, ते कर्नलमध्ये झोपायला येत नाही.

कोपरखैरणे_सेक्टर

ते नेटवर्कचा ड्रायव्हर टाकतंच की रे.

घोडबंदरकर

...बरोबर. पण त्याचा मुख्य कोड उघडा आहे, वाचता येतो.

सीवूड्स_४२

वाचलास का?

पहिल्या गुरुवारपासूनचे तीन दिवस मी रस्टलाच असणार, ते सोडत नाही. बाकीच्या दिवसांचा पासवर्ड ग्रुपवर टाक.

तलावपाळी_ताई

दिराने गायझर बसवलं, चार मुलं आली, मुलगा खूश. आज दुपारी त्यातल्या एकाने आमच्या मुलाच्या लाकडी घरावर लाव्हा ओतला. सगळं जळलं. आता रडणं वेगळ्या कारणाने चालू आहे. यावर कुठलं अँटीचीट असतं?

पारसिकचा_पहारा

सर्व्हर पेपर नावाच्या सॉफ्टवेअरवर असेल तर कोअरप्रोटेक्ट प्लगइन टाका ताई, कुणी काय फोडलं, कुणी काय ओतलं त्याची नोंद राहते आणि घर मागच्या तासावर नेता येतं. मात्र ते बसवल्यानंतरचंच लिहून ठेवतं. आजच्या लाव्हासाठी त्या मुलाच्या आईचा नंबर असेलच तुमच्याकडे.