प्रति: ऑनर्सला अभ्यास दुप्पट होतो का?

दुप्पट नाही हो, पण वेगळा होतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ऑनर्स म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठीचा खास अभ्यासक्रम. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा ‘प्लॅन टू’ ऑनर्स घ्या. 1935 पासून चालू आहे. पहिल्या वर्षी जागतिक साहित्याचा वर्षभराचा वर्ग, मग पुढे कुणाला डॉक्टर व्हायचं असो की वकील. वर्ग छोटे, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोय नाही.

माझी भाची दुसऱ्या एका विद्यापीठात ऑनर्सला आहे. तिचा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात हिरव्या पेनाने पाच ठिकाणी एकच प्रश्न होता: ‘हे कशावरून?’ शाळेत कायम पहिली येणारी पोरगी, दोन दिवस कुणाचा फोन घेईना. शेवटी निबंध घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला राखलेल्या वेळेत, गेली. पंधरा मिनिटांत गाडी रुळावर! (त्या वेळेत तिथे फारसं कुणी फिरकतच नाही म्हणे.)

अर्जाचं म्हणाल तर ऑनर्सचे निबंध बऱ्याच ठिकाणी वेगळे मागतात. विद्यापीठ प्रवेशाच्या मुख्य अर्जातला मजकूर तसाच डकवू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि पेन स्टेट विद्यापीठाच्या श्रायर ऑनर्स कॉलेजसारख्या ठिकाणी पदवीआधी प्रबंधही लिहावा लागतो. आमच्या भाचीला तिच्याकडचा हा नियम प्रवेश घेतल्यावर कळला.