१६२२चा थालर: ढगातून आलेला हात आणि तलवार

फिरस्ता: मंडळी, सध्या मुक्काम जर्मनीत. इथल्या जुन्या बाजारात चांदीचं मोठं नाणं दिसलं. ढगातून आलेला हात, त्यात तलवार, साल १६२२. विकणारे आजोबा म्हणतात, चर्चच्या चांदीचं आहे. माल खपवायची थाप की खरंच?

टांकसाळ्या: गोष्ट खरी, नाण्याचं माहीत नाही! तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे युरोपातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट लढाईत, ब्राउनश्वाइगच्या ख्रिश्चन नावाच्या प्रोटेस्टंट सेनापतीने पाडरबोर्न शहर लुटलं. वय अवघं २२. कॅथेड्रलमधली संत लिबोरिउसच्या अस्थींची मौल्यवान पेटीसुद्धा त्याने वितळवली आणि लिपश्टाट गावी थालर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, पाडले. सैन्याचा पगार भागवायचा होता. तलवारीभोवती फ्रेंचमध्ये 'सर्व काही देवासोबत', आणि मागे जर्मनमध्ये 'देवाचा मित्र, पाद्र्यांचा शत्रू'. शिवाय स्वतःचं नावही! लुटीच्या मालावर इतकी उघड सही मी तरी दुसरी पाहिली नाही. वर हे महाशय स्वतः हाल्बरश्टाटच्या बिशप-गादीचे कारभारी.

फिरस्ता: बाप रे. अस्थींचं काय झालं?

टांकसाळ्या: त्या १६२७ साली पाडरबोर्नला परत आल्या. त्यांच्यासाठी नवी पेटीही घडवली.

दमडी: इतिहास झाला, आता व्यवहार. हा थालर प्रसिद्ध आहे, म्हणजे नकला आल्याच. वजन साधारण २९ ग्रॅम हवं. भिंगातून कड बघ, सांध्याची रेघ दिसली तर ओतीव नक्कल समज. अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असतील तरी संशय घे. आजोबा वजन करू देत नसतील, तर गोष्टीबद्दल आभार मानून पुढच्या दुकानाकडे वळ.