मदत हवी आहे: अपोस्तोलोस निकोलाइदिस यांच्या नोंदींतला घोळ

मराठी विकिपीडियासाठी अपोस्तोलोस निकोलाइदिस (१८९६–१९८०) यांच्यावर लेख लिहायला घेतला आहे. फुटबॉल आणि ॲथलेटिक्स दोन्ही खेळलेले, पुढे अथेन्सच्या पानाथिनाइकोस क्लबचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळलेले ग्रीक गृहस्थ. अडलंय ते असं: जन्मगाव एकीकडे फिलिपोपोलिस, दुसरीकडे प्लॉवदिव. १९२० च्या ऑलिंपिक सामन्याच्या दोन तारखा सापडतात, फरक तेरा दिवसांचा. आणि एके ठिकाणी तर त्यांना 'एईके' या अथेन्सच्याच दुसऱ्या क्लबचे अध्यक्ष म्हटलंय! जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

प्रतिसाद १:
एईकेवाले निकोलाइदिस वेगळे. ते डेमिस, जन्म १९७३, एईके आणि ॲटलेटिको माद्रिदचे स्ट्रायकर, २००४ ते २००८ एईकेचे अध्यक्ष. तेही खेळाडूचे कारभारी झालेले, म्हणून गल्लत होते. तायक्वांदोमध्ये २००४ आणि २००८ ला रौप्य मिळवणारे अलेक्झांद्रोस हे आणखी तिसरे. हे आडनाव आपल्याकडच्या जाधव-पवारांइतकं सर्रास आढळतं, तेव्हा नुसत्या आडनावावर कुठलाही संदर्भ जोडू नका. जन्मवर्ष जुळलं तरच घ्या.

गाव एकच आहे. १८८५ पासून प्रत्यक्ष बल्गेरियाकडे, पण १९०८ पर्यंत कागदोपत्री ऑटोमन सुलतानाचं. त्यामुळे 'फिलिपोपोलिस (आजचं प्लॉवदिव, बल्गेरिया)' असं लिहा. 'जन्म: ग्रीस' लिहिलंत तर चूक होईल.

प्रतिसाद २:
तारखेचं कोडं कॅलेंडरचं. ग्रीसमध्ये १९२३ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं. त्या वर्षी १५ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. अँटवर्पमध्ये स्वीडनने ग्रीसला ९–० हरवलं ती तारीख २८ ऑगस्ट १९२०, पण त्या दिवशी अथेन्समध्ये १५ ऑगस्ट होता. लेखात २८ ऑगस्टच ठेवा. एक जपायचं: १८९६ मधली तारीख बदलताना फरक १२ दिवसांचा धरायचा. १३ हा विसाव्या शतकातला फरक, आणि सगळीकडे १३ मिळवणं ही नेहमीची चूक.

हेही बघा, १९२० मध्ये 'पानाथिनाइकोस' हे नावच नव्हतं. क्लब १९०८ चा, योर्गोस कालाफातिस यांनी काढलेला, पण आजचं नाव १९२४ पासूनचं. त्यामुळे संघाच्या जुन्या यादीत ते शोधून सापडणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, निम्मा गुंता सुटला. ग्रीक मजकुरात शोधताना त्यांच्या नावाच्या स्टेडियमची पानं का येत नाहीत? आणि देवनागरीत 'निकोलाइडिस' की 'निकोलाइदिस'?

प्रतिसाद १:
'दि'च. उच्चार दंत्य आहे आणि आपल्याकडे त्यासाठी अक्षर आहे, मग इंग्रजीमार्गे 'डि' कशाला आणायचा? तसंच 'अपोस्तोलोस' मध्ये त, 'पानाथिनाइकोस' मध्ये थ.

शोधाचं कारण विभक्ती. ग्रीकमध्ये षष्ठीत शेवट बदलतो: 'अपोस्तोलोस निकोलाइदिस'चं स्टेडियम म्हणताना 'अपोस्तोलु निकोलाइदि' होतं. आपल्या 'देशमुख'चा 'देशमुखांचं' होतो तसं, फक्त तिथे शेवटचा स गळतो. दोन्ही रूपं वेगवेगळी टाकून शोधा. शिवाय लोक त्या मैदानाला नुसतं 'लेओफोरोस' म्हणतात, म्हणजे हमरस्ता, कारण ते अलेक्झांद्रास हमरस्त्यावर आहे. हे तिसरं रूपही टाका. स्टँडखालच्या बंदिस्त हॉलचं टोपणनाव 'भारतीय माणसाची कबर' आहे. वाचून दचकू नका आणि कबर म्हणून लेखात घालू नका, तिथे कुणाचीही कबर नाही.

प्रतिसाद २:
पदांची यादी करताना संस्था वेगळ्या ठेवा. 'सेगास' ही ॲथलेटिक्सची, स्थापना १८९७. 'एपो' फुटबॉलची, १९२६. ग्रीसची ऑलिंपिक समिती १८९४ ची. मराठीत तिन्ही 'महासंघ' होऊन एकमेकांत मिसळतात. प्रत्येक पदासमोर संस्था, पासून, पर्यंत असे तीन रकाने ठेवा आणि रकाना भरला नसेल तर मोकळा राहू द्या. ॲथलेटिक्सच्या निकालांत नाव दिसलं की लगेच 'भाग घेतला' लिहू नका. प्रवेशयादी आणि प्रत्यक्ष उतरलेल्यांची यादी वेगळी असते, १९२० साली नाव देऊन न उतरलेले बरेच आहेत. क्रमांक किंवा कामगिरीचा आकडा समोर असेल तरच ती ओळ लेखात घ्या.